आईने बांधलेल्या माश्या

गेल्या आठवड्यात ट्रेसी एक डबा देऊन गेली. ट्रेसी ही ब्रायनची मुलगी, आणि ब्रायन माझा इथल्या क्रेगीबर्न उपनगरातला शेजारी. वर्षापूर्वी त्याला वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये न्यावं लागलं, आता त्याचं घरही विकायला काढलंय. शेड रिकामी करताना तिला हा डबा सापडला. चपटा, हिरवा, कडा घासून पांढऱ्या पडलेला. "आत तुझ्या आईचं नाव आहे," ट्रेसी म्हणाली, "म्हणून वाटलं, तुझ्याकडे असावा."

ती गेल्यावर मी तो ओट्यावर ठेवून उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूला ब्रायनच्या थरथरत्या, मोठाल्या इंग्रजी अक्षरांत 'सुनंदा'. खाली फोमच्या पट्ट्यांत ओळीने खोचलेल्या माश्या. बारीक गळावर पिसं, लोकर, दोरा गुंडाळून केलेल्या, नदीतल्या माशाला किडाच वाटावा अशा. इथे त्यांना फ्लाय म्हणतात. शेवटच्या ओळीत जरा धटिंगण मंडळी होती, डोक्याशी शिशाचा मणी आणि मागे पिसांचं झुपकेदार शेपूट. त्या जिग. त्या पाण्यात खाली बुडतात आणि दोरीला हिसका दिला की तळाशी उड्या मारतात.

डब्यातून वास आला. डांबरगोळ्यांचा, नेलपॉलिशचा, आणि त्याच्याखाली ओल्या लोकरीसारखा काहीतरी. मी ओट्याला टेकून उभी राहिले. पहिल्या लॉकडाऊनचं ते सगळं वर्ष माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभं राहिलं होतं.

आई त्या वर्षी फेब्रुवारीत आली होती, तीन महिन्यांसाठी. त्याच्या आधीच्या डिसेंबरात निखिल घर सोडून गेला होता. माझा नवरा. का गेला ते इथे लिहीत नाही. आईनेही विचारलं नव्हतं. साताऱ्याहून फोनवर एवढंच म्हणाली, "मी येते," आणि बाबांना मागे ठेवून, आयुष्यात पहिल्यांदा एकटी विमानात बसून आली. बॅगेत मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि घरी नेसायच्या दोन जुन्या साड्या. विमानतळावरच्या बाईने सगळ्या पुड्या एकेक करून वास घेऊन बघितल्या, हे ती पुढे कितीतरी दिवस कौतुकाने सांगायची.

मग मार्चमध्ये विमानं बंद झाली.

आमचं घर विमानतळापासून फार लांब नाही. एरवी दर थोड्या वेळाने छपरावरून एक घरघर जायची. ती गेली, आणि मग इतके दिवस तिच्याखाली दबलेले आवाज वर आले. छपराच्या पत्र्याच्या पन्हळीवर चालणाऱ्या मॅगपाय पक्ष्याची नखं. कोपऱ्यावरच्या घरातलं विंडचाइम. आई सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दाराशी उभी राहायची आणि वर बघायची. चुकून एखादं विमान गेलंच तर ते दिसेनासं होईपर्यंत तिची मान वळत राहायची. मी आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे, कानात हेडफोन, सकाळच्या मीटिंगमध्ये. आम्ही दोघी एका घरात होतो आणि दिवसाला वीसेक वाक्यं बोलत होतो. त्यातली निम्मी जेवणावर. "थोडं तरी खा." "नको गं." "भात तरी." "नंतर."

ब्रायन तेव्हा चौऱ्याहत्तरचा होता. पूर्वी प्लंबर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. आमच्या दोघांच्या गॅरेजांच्या मध्ये फक्त गवताचा एक पट्टा होता. दुपारी तो गॅरेजचं शटर वर करून उन्हात टेबल मांडून बसायचा. टेबलाला एक छोटा शिकंजा बसवलेला, त्याच्या जबड्यात भाताच्या शितापेक्षा जरा मोठा गळ, वर दिवा, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा. त्याचा उजवा हात कापायचा. पार्किन्सन. दोरा गळाला दोन वेढे घ्यायचा आणि तिसऱ्याला तुटायचा. तो खाली बघत काहीतरी पुटपुटायचा आणि पुन्हा सुरुवात करायचा.

आईला बाहेर फिरायला तेव्हा दिवसातून एकदाच परवानगी. जाता-येता ती हे बघायची. एक दिवस परत आली ती चपला न काढता माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. मी मीटिंगमध्ये होते. मी हातानेच थांब म्हटलं, पण ती थांबली नाही.

"त्यांना सांग, दोरा बोटाने ओढू नका म्हणावं. मनगट टेकवा आणि रीळ फिरवा."

"कोणाला?"

"शेजारच्यांना. मला बघवत नाही."

हे तिला कसं कळलं, ते मला लगेच कळलं. माझ्या लहानपणाचा प्रत्येक पौष दोऱ्याच्या त्याच सरसर आवाजाने भरलेला आहे.

आई हलव्याचे दागिने करायची. साताऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत डिसेंबर लागला की पहाटे शेगडी पेटायची. परातीत तीळ आणि साबुदाणे, वर चमच्याने पाक, आणि आईची बोटं त्या गरम परातीत गोल गोल. एक चमचा पाक, पंधरा मिनिटं बोटं, पुन्हा एक चमचा. तीन-चार दिवसांनी दाण्यांना काटे फुटायचे. थंडी चांगली असली तर काटा चांगला येतो, म्हणून मी आणि बाबा कुडकुडत असायचो आणि आई खूश. घराला जळत्या कोळशाचा आणि साखरेचा वास लागायचा. माझ्या शाळेच्या स्वेटरला मार्चपर्यंत तो यायचा.

मग दागिने. एकेका काटेरी दाण्याला दोऱ्याचे दोन वेढे, एक निरगाठ, त्याला चिकटून पुढचा दाणा. नथ, बिंदी, वाक्या, बाजूबंद, कंबरपट्टा. नव्या सुनांसाठी मोठे, बोरन्हाणाच्या बाळांसाठी चिमुकले मुकुट आणि बासऱ्या. दाणा इतका नाजूक की जोराने ओढलं तर काटे झडतात आणि सैल सोडलं तर दाणा निसटतो. मी समोर बसून रिळाचं टोक धरायची. "ताणून नको, नुसतं धर," आई म्हणायची. संक्रांत झाली की ते सगळं संपायचं. ज्यांनी नेले ते एक दिवस घालायचे आणि मुलं ते खाऊन टाकायची. माझ्या आईने इतक्या वर्षांत केलेल्यापैकी एकही दागिना आज कुठेही नाही. फोटोत आहेत, दुसऱ्यांच्या घरच्या अल्बमांत, दुसऱ्यांच्या गळ्यात.

त्या दुपारी माझी मीटिंग संपल्यावर मी आईबरोबर बाहेर गेले. गवताच्या पट्ट्याच्या अलीकडे आम्ही मास्क लावून, पलीकडे ब्रायन. मी जरा ओशाळून सांगितलं, माझ्या आईला तुझ्या हाताबद्दल काही सुचवायचं आहे. ब्रायनने चष्मा कपाळावर चढवला आणि आईकडे बघितलं. मग उठून शिकंजाच टेबलावरून सोडवला, दोऱ्याचं रीळ, चार गळ आणि पिसांची एक पिशवी आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यात घातली, डबा गवताच्या मधोमध ठेवला आणि मागे सरकला.

"करून बघायला सांग तिला," तो म्हणाला.

आईने सॅनिटायझरने सगळं पुसून घेतलं. आमच्या गॅरेजच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. नमुन्याची एक माशी त्याने दिली होती, ती बराच वेळ उलटीपालटी करून बघितली. नंतर पिशवीत हात घातला आणि थांबली.

"अगं, हे मोरपीस आहे."

होतं खरं. मोरपिसाच्या दांडीला असतात ते हिरवे-तांबूस तंतू, एकेक सुटा करून गळावर गुंडाळायचा, म्हणजे किड्याचं चमकतं अंग होतं. कृष्णाच्या मुकुटात जन्मभर खोचलेली वस्तू माशाच्या तोंडी द्यायची, यावर ती क्षणभर विचार करत राहिली. आमच्या घरात कधी मासा शिजलेला नाही. मग तिने मला दुभाषी केलं.

"विचार त्यांना, पकडल्यावर मारतात का?"

ब्रायन म्हणाला, नाही, सोडून देतो. गळाच्या टोकाची उलटी आकडी तो पक्कडीने दाबून सपाट करतो, म्हणजे जखम राहत नाही.

"मग पकडतात कशाला?"

हे इंग्रजीत सांगताना मला संकोच वाटला. ब्रायनला वाटला नाही. त्याने आपल्या कापणाऱ्या हाताकडे बघितलं.

"टू हॅव अ लुक ॲट हिम," तो म्हणाला. त्याला एकदा बघायला.

आईला ते पटलं असावं. तिने पहिली माशी बांधायला घेतली. अर्धा तास लागला. डबा पुन्हा गवतावर गेला. ब्रायनने ती उचलली, भिंगाखाली धरली, डोक्याशी घेतलेले वेढे नखाने ओढून बघितले. ते हलले नाहीत. "ब्लडी हेल," तो हळूच म्हणाला आणि आत जाऊन दुसरी पिशवी घेऊन आला.

असा तो हिवाळा सुरू झाला; इथे तो जूनला येतो. ट्राउट नावाच्या माशासाठी नद्या तेव्हा तशाही बंद असतात, जून ते सप्टेंबर. आधी नदी बंद, मग आम्ही पुन्हा बंद. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, रात्री आठनंतर बाहेर पडायचं नाही. ब्रायनचं म्हणणं एकच होतं, यंदाचा एक हंगाम हाताला गळाची काठी धरता येईल, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही. डॉक्टरही तेच म्हणाले होते. त्याला या एका हंगामासाठी डबा भरून हवा होता. दर दोन दिवसांनी आइसक्रीमचा डबा गवतावर यायचा, आत एका चिठ्ठीवर चित्र: इतका लांब, इतकं शेपूट, पोट पिवळं. दर दोन दिवसांनी भरलेला डबा परत जायचा, कधी बरोबर थालीपीठ. तिकडून लिंबं यायची.

आई ब्रायनला माझ्याशी बोलताना 'ते' म्हणायची. "ते आज खोकत होते." माश्यांना तिने आपली नावं दिली होती. पिवळसर पोटाची ती बिंदी, लाल पिसाची ती नथ. जिगना बाजूबंद म्हणायची, अंगाने जाड म्हणून. एका माशीच्या पोटाला चकचकीत तारेचे वेढे हवे होते आणि ब्रायनकडची तार संपली. ऑनलाइन मागवली तर तीन आठवडे. आईने घरी नेसायच्या साडीचा काठ उसवून त्यातली जर काढली. पन्नास वर्षांपूर्वीची जर, तिच्या आईने घेतलेल्या साडीची. उन्हात धरली की अजून पिवळी दिसायची.

ऑगस्टमध्ये रस्त्याच्या कडेला वॉटल फुललं. आई म्हणाली, "ही तर आपली बाभूळ." आणि खरंच तेच पिवळे गोळे, तोच मऊ वास.

माझं काम दुपारी चारला संपायचं. आधी मी तशीच खोलीत पडून राहायचे. मग कधीतरी जाऊन तिच्या शेजारी बसायला लागले. ती बांधायची, मी पिसांचे तंतू सुटे करून द्यायची, शेवटच्या गाठीवर नेलपॉलिशचा थेंब लावायची. दोघींचे डोळे त्या इवल्या गळावर. एकमेकींकडे बघायची गरज नव्हती, आणि म्हणूनच बहुधा एक दिवस मी बोलायला लागले. निखिलचं सगळं. पहिल्यापासून. आई मध्ये एकदाही थांबली नाही, एकदाही 'मग तू काय म्हणालीस' असं विचारलं नाही. माझं संपलं तेव्हा फोमवर अकरा माश्या झाल्या होत्या.

बाराव्या माशीचा दोरा घेताना ती म्हणाली, "तू दोन वर्षांची असताना मी तुला घेऊन वाईला निघून गेले होते. माझ्या आईकडे. चार महिने."

मला हे माहीत नव्हतं. मी अडतीस वर्षांची होते.

"का?"

"आता काय त्याचं." तिने वेढे घेतले. "परत आले ती माझी मी आले. कोणी ये म्हणालं म्हणून नाही. तू परत जावंस असं मी म्हणत नाही. जाऊ नकोस असंही नाही. तुझं तुला कळेपर्यंत जेवत जा, एवढंच."

त्या दिवशी मी दोन पोळ्या खाल्ल्या. तिने ते बघितलं.

बाबांचा फोन रोज यायचा. साताऱ्यात ते एकटे, मधुमेह, वय एकाहत्तर. चार महिन्यांत स्वयंपाक शिकले होते. "फोडणीत हिंग आधी की हळद आधी?" असले प्रश्न ते फार गंभीरपणे विचारायचे आणि आई तितक्याच गंभीरपणे उत्तर द्यायची. ऑगस्टच्या शेवटी असाच फोन माझ्याकडे असताना ते सहज म्हणाले, "यावेळी तिचा नंबर लागला तर जाऊ दे हं तिला. मागच्या वेळी नाही म्हणाली."

"कधी मागच्या वेळी?"

भारतात परत न्यायची विमानं तेव्हा अधूनमधून सुटत होती. आम्ही आईचं नाव नोंदवलं होतं. मला वाटत होतं, नंबरच लागत नाहीये. जुलैत लागला होता. आईला फोन आला, तिने आपल्या इंग्रजीत त्यांना नको म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

मी चिडले. गॅरेजमध्ये जाऊन तिच्यापुढे उभी राहिले. बाबा तिकडे एकटे आहेत, त्यांची साखर, साताऱ्यात रोज किती आजारी पडतायत, मी सगळं बोलले.

"यांचं काम अर्धवट आहे," ती म्हणाली आणि हनुवटीने ब्रायनच्या गॅरेजकडे दाखवलं.

"आई."

तिने शिकंज्यातली माशी काढली, फोमवर खोचली. "तेव्हा तू एक वेळ जेवत होतीस," ती म्हणाली. "ते मला सांगता येईना त्या विमानवाल्यांना फोनवर."

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांना ताप आला. चौथ्या दिवशी त्यांच्या एका मित्राने त्यांना हॉस्पिटलमध्ये नेऊन भरती केलं. ऑक्सिजन लावला. आम्हाला दिवसातून एकदा फोन, तोही त्या मित्राचा, त्यांना हॉस्पिटलमधून जे कळेल ते. आईसाठी आम्ही सगळीकडे प्रयत्न केले. विमान नव्हतं. जे होतं त्यात जागा नव्हती.

ते नऊ दिवस आई बांधत राहिली. उजेड झाला की शटर वर. मी कामाला रजा टाकली आणि तिच्या पायाशी पायरीवर बसून राहिले. मी पिसं सोडवायची, ती गुंडाळायची. फोन दोघींच्या मध्ये, उपडा. माझ्या डोक्यात एकच चालू होतं, की हिने ती जागा माझ्यामुळे सोडली. एकदा मी ते बोललेही. आई म्हणाली, "ताणू नकोस. नुसतं धर." मी बघितलं तर मोरपिसाचा तंतू माझ्या हातात ताठ झाला होता.

ब्रायनला मी बाबांचं सांगितलं होतं. तो पहिल्या दिवशी गवताच्या कडेला येऊन उभा राहिला. मग मागे वळला. त्याने आपली खुर्ची त्याच्या गॅरेजच्या तोंडाशी, आमच्या बाजूला तोंड करून ठेवली आणि बसला. दुसऱ्या दिवशीही. काही न करता, कापणारा हात डाव्या हाताने धरून. ते नऊ दिवस तो तिथे बसायचा, आम्ही शटर खाली करेपर्यंत. मास्कवरून त्याचे डोळे दिसायचे. आईने एकदा माझ्याकरवी त्याला सांगितलं, थंडी आहे, आत जा. तो म्हणाला, मी ठीक आहे. नंतर त्याने आतून एक घोंगडी आणली आणि पायांवर घेऊन पुन्हा बसला.

दहाव्या दिवशी फोनवर बाबा स्वतः होते. आवाज असा, की कोणी लांबून ओल्या कापडातून बोलतंय. "सुनंदा," ते म्हणाले, "इथली आमटी अगदीच पाणी आहे." आई हसली, आणि मग हातातलं सगळं टेबलावर ठेवून तोंड झाकून रडली. ब्रायन उठून उभा राहिला. मी त्याला अंगठा वर करून दाखवला. त्याने टोपी काढली, परत घातली आणि आत गेला.

नोव्हेंबरात शहराबाहेर जायला परवानगी मिळाली. त्याच आठवड्यात आईचाही नंबर लागला. विमान गुरुवारी. ब्रायन म्हणाला, मंगळवारी नदीवर जाऊ.

तो त्याच्या यूटमध्ये, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत, पुढे, आम्ही दोघी माझ्या गाडीत मागे, तासभर उत्तरेला. गोलबर्न नदी धरणातून येते, उन्हाळ्यातही पाणी बर्फासारखं. काठावर उंच रेड गम, म्हणजे इथली निलगिरी, सोललेल्या सालीची, खाली सावल्या आणि कुजलेल्या पानांचा तिखट, औषधी वास. आईने इतक्या महिन्यांत एवढं पाणी बघितलं नव्हतं. ती काठावर चपला काढून बसली आणि पाय सोडले, आणि लगेच वर घेतले.

गळाच्या दोरीला माशी बांधायला ब्रायनला जमेना. ते मी केलं. साडीच्या जरीची, पिवळ्या पोटाची. त्याने काठी उचलली, आणि काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. दोरी मागे गेली, हवेत लांब वळण घेतलं, पुढे आली आणि माशी पाण्यावर अशी उतरली की लाटसुद्धा उठली नाही. हात कापत होता. दोरीला ते माहीत नव्हतं.

दोन तास काही लागलं नाही. आई मध्येच मला म्हणाली, "नाही लागला तरी चालेल, म्हणावं." आणि मग पाण्यात एक छोटा खळगा पडला आणि काठी वाकली.

वीतभर लांबीचा ब्राउन ट्राउट. ब्रायन गुडघाभर पाण्यात उभा होता, त्याने मासा पाण्यातून बाहेर काढला नाही. आईला हाक मारली. "सुनंदा. हात आधी ओले कर."

ती साडी खोचून पाण्यात उतरली. मी तिचा दंड धरला होता. तिने दोन्ही हात पाण्यात बुडवले आणि माशाच्या पोटाखाली धरले. सोनेरी अंगावर काळे ठिपके, त्यात थोडे लाल, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती पांढरं कडं. कल्ले उघडत होते, मिटत होते. जबड्याच्या कोपऱ्यात तिची माशी. ब्रायनने ती दोन बोटांत धरून अलगद सोडवली. मासा तरीही आईच्या हातात तसाच राहिला, प्रवाहाकडे तोंड करून, दोन-तीन श्वास. मग नव्हता.

आई बराच वेळ ओंजळ तशीच धरून उभी होती. येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "केवढा गार होता गं."

गुरुवारी ती गेली. टर्मिनलमध्ये मला जाऊ देत नव्हते, दारातच सोडलं. बाबांकडे ती नऊ महिन्यांनी पोचली, आधी एका हॉटेलात सात दिवस एकटी राहून. त्यानंतर मला तिकडे जायला सव्वा वर्ष लागलं. निखिलबरोबरच्या घटस्फोटाच्या कागदांवर मी सह्या केल्या त्या सकाळी आईला फोन केला. तिने जेवलीस का विचारलं, मी हो म्हणाले, खरंच जेवले होते. ब्रायन आणखी दोन हंगाम नदीवर गेला, दुसऱ्या वेळी मी काठी धरून शेजारी उभी होते.

काल रविवारी मी तो डबा घेऊन त्याला भेटायला गेले. ट्रेसीने सांगितलं होतं, तो हल्ली साल-महिना विसरतो, कधी माणसंही. खिडकीजवळ खुर्चीत बसला होता. नर्सने दारात मला मास्क दिला, तिथे कोणाला तरी सर्दी होती. मी डबा उघडून त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने माश्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या मास्ककडे, आणि त्याचा चेहरा उजळला.

"रस्ते उघडले का?" त्याने विचारलं.

मला खरं सांगता आलं असतं. मी म्हणाले, "उघडले, ब्रायन."

"आईला सांग तुझ्या. तयार राहायला सांग."

दुपारचे तीन वाजत होते, साताऱ्यात सकाळ. मी आईला फोन लावला, मराठीत एका दमात सांगितलं, ब्रायनला वाटतंय अजून लॉकडाऊनच आहे, आणि फोन स्पीकरवर टाकून त्याच्यापुढे धरला. त्याने मोठ्याने, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की रस्ते उघडलेत आणि आपण मंगळवारी निघतोय, लवकर.



"व्हेरी गुड, ब्रायन," पलीकडून आई म्हणाली. "आय ॲम रेडी."

मागून बाबांचा आवाज आला, कोण आहे गं.

"ब्रायन आहेत," आईने त्यांना सांगितलं. "नदीवर जायचंय म्हणतायत."